जुनं हिट गाण्यांचं एफएम आज ऐकण्याजोगं राहिलंय का?

हे परीक्षण एका स्टेशनचं नाही, रेडिओच्या एका जातीचं आहे: खासगी, हिंदी हिट गाणी वाजवणारं, शहरातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ज्याची फ्रिक्वेन्सी पाठ आहे असं जुनं एफएम. देशातलं पहिलं खासगी एफएम जुलै 2001 मध्ये बंगळुरूत सुरू झालं. पाठोपाठ मुंबई-पुण्यात आणि 2005 च्या, खासगी परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यानंतर नागपूर, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत अशी स्टेशनं आली. आज ती ऐकणाऱ्याला नेमकं काय देतात, कुठे कमी पडतात आणि का, हे इथे तपासलं आहे. शेवटच्या भागात छोट्या जाहिरातदारासाठीही हिशेब आहे, कारण या सेवेचे पैसे तोच भरतो.

निकाल आधीच सांगतो. सकाळी 8 ते 11 या वेळेत चांगलं स्टेशन अजूनही फोनवरच्या कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडतं. अकरानंतर मात्र तेच स्टेशन एक लहान, वारंवार फिरणारी गाण्यांची यादी होऊन बसतं, आणि ती यादी फोनवर जास्त चांगली मिळते. रेडिओ पूर्वी तीन गोष्टी एकत्र द्यायचा: गाणं, कुणीतरी बोलणारं सोबतीला, आणि आपल्या शहरात आत्ता काय चाललंय याची खबर. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला. 2019 च्या सुरुवातीला स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक भारतात उतरले. गाणं हातातून गेलं ते तेव्हा. उरलेल्या दोन गोष्टींवर स्टेशनांनी जोर द्यायला हवा होता. पैशांची ओढाताण सुरू झाली तेव्हा बहुतेकांनी कात्री नेमकी त्यांनाच लावली.

आपलं स्टेशन स्वतः तपासा

मत ऐकून घेण्यापेक्षा मोजून बघणं सोपं आहे. वही, घड्याळ आणि दोन तास एवढंच लागतं. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. शनिवार-रविवारी विशेष कार्यक्रम असतात आणि सणाच्या आठवड्यात जाहिराती फुगतात, त्यामुळे तेव्हाचा हिशेब खरा निघत नाही. सकाळी 9 ते 10 आणि दुपारी 2 ते 3 असे दोन तास ऐका. वहीत चार रकाने पाडा: गाणं, जाहिरात, बोलणं आणि स्टेशनची स्वतःची टिमकी, म्हणजे प्रोमो, जिंगल, स्पर्धेच्या घोषणा. प्रत्येक गोष्ट सुरू झाल्याचं मिनिट आणि सेकंद लिहा. आरजे बोलता बोलता एखाद्या दुकानाचं किंवा क्लासचं नाव घेऊन पत्ता सांगतो, ते 'मेंशन' असतं. त्याचे पैसे घेतलेले असतात, म्हणून ते जाहिरातीच्या रकान्यात टाका. बहुतेक जण इथेच चुकतात आणि जाहिरातींचा वेळ कमी भरतो.

आता गणित. तासाच्या 60 मिनिटांतून 15 मिनिटं जाहिराती, 6 मिनिटं बोलणं आणि 3 मिनिटं प्रोमो-जिंगल काढली, तर गाण्यांना 36 मिनिटं राहतात. हिंदी चित्रपटातलं गाणं साधारण साडेचार मिनिटांचं धरलं, तर पूर्ण गाणी फक्त आठ बसतात. 'तासाला बारा गाणी' अशी टिमकी वाजत असेल, तर प्रत्येक गाणं तीन मिनिटांवर आणल्याशिवाय ते शक्य नाही. म्हणजे दुसरा अंतरा गेला, मधला वाद्यमेळ गेला, शेवटचा आलाप गेला. गाण्यावर जीव असलेल्या माणसाला हे लगेच टोचतं. वाद्यमेळ हे संगीतकाराचं आणि अरेंजरचं काम असतं, भरताड नव्हे. फोनवर तेच गाणं पूर्ण मिळत असताना कापलेलं गाणं ऐकवणं ही जुन्या स्टेशनांची सर्वांत महागात पडलेली चूक आहे, असं आमचं मत आहे.

दुपारच्या तासात गाण्यांना 35 मिनिटांपेक्षा कमी मिळत असतील, किंवा एक ब्रेक चार मिनिटांहून लांब जात असेल, तर ते स्टेशन ऐकणाऱ्यासाठी चाललेलं नाही. लांब ब्रेकचा तोटा दुहेरी असतो. ऐकणारा दुसऱ्या स्टेशनवर जातो, आणि तिथेही त्याच मिनिटाला ब्रेक चालू असेल तर तो रेडिओच बंद करतो. एका शहरातली चार-पाच स्टेशनं जवळपास त्याच वेळी ब्रेक घेतात, कारण सगळ्यांचं तासाचं वेळापत्रक, धंद्याच्या भाषेत 'क्लॉक', एकाच साच्यातून आलेलं असतं.

तेच गाणं त्याच वेळी का लागतं

ही तक्रार जवळपास प्रत्येक ऐकणारा करतो, आणि तिच्यामागे कारण आहे. गाणी कुणी आरजे मनाने निवडत नाही. शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांचे गट केलेले असतात: आत्ताची सर्वांत गाजणारी, थोडी उतरणीला लागलेली, दोन-तीन वर्षांपूर्वीची, आणि जुनी. क्लॉकवर प्रत्येक गटाच्या जागा ठरलेल्या असतात. सर्वांत वरच्या गटात सहा गाणी आहेत आणि तासाला त्या गटातली दोन वाजतात, असं धरा. प्रत्येक गाणं बरोबर तीन तासांनी परत येतं. दिवसात 48 जागा आणि गाणी सहा. 48 ला सहाने नि:शेष भाग जातो, म्हणून काल सकाळी सव्वानऊला वाजलेलं गाणं आजही सव्वानऊलाच वाजतं. रोज त्याच वेळी कामावर निघणाऱ्या माणसाला वाटतं, या लोकांकडे दोनच गाणी आहेत.

उपाय सोपा आहे: गटात सहाऐवजी सात गाणी ठेवायची. 48 ला सातने भाग जात नाही, एक जागा सरकते, आणि त्याच माणसाला सलग सात दिवस त्या वेळी वेगळं गाणं मिळतं. म्युझिक मॅनेजरला हे माहीत असतं. पण एखादं गाणं पडलं म्हणून काढलं आणि त्याच्या जागी दुसरं घातलं नाही, की सातचे सहा होतात आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मनुष्यबळ कमी झाल्यावर एकच माणूस सहा-सात शहरांच्या याद्या सांभाळतो, तेव्हा अशा चुका वाढतात. आपल्या स्टेशनवर हे होतंय का, हे पाहायचं असेल तर सलग चार दिवस एकाच अर्ध्या तासातली गाणी लिहून काढा. तीन किंवा जास्त गाणी जुळली, तर यादीची देखभाल कुणी करत नाही असं समजा.

यादी एवढी लहान ठेवण्यामागे एक जुना तर्क आहे. माणूस रेडिओ वीस-पंचवीस मिनिटं ऐकतो, तेवढ्यात त्याला ओळखीचं आणि आवडतं गाणं लागलं पाहिजे, नाहीतर तो जातो. अनोळखी गाणं म्हणजे धोका. पर्याय म्हणून फक्त दुसरं स्टेशन होतं, तोवर हा तर्क बरोबर होता. आता गाजणारं गाणं त्या माणसाने रेडिओवर येण्याआधी फोनवर तीस वेळा ऐकलेलं असतं, रील्समध्ये शंभर वेळा. रेडिओ त्याला जे देतो त्याने तो आधीच कंटाळलेला असतो. लहान यादीने लोक टिकत असत. हल्ली त्याच यादीमुळे ते जातात.

याच्या उलट विविध भारती बघा. जन्म 3 ऑक्टोबर 1957, म्हणजे खासगी एफएमपेक्षा चार दशकांहून जुनी. तिचा जन्मच मुळी ऐकणारे निघून गेल्यामुळे झाला. 1952 मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षअखेरीस तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. लोकांना परत आणायला आकाशवाणीला पाच वर्षांनी वेगळी वाहिनी काढावी लागली. जिथे गाणं मिळेल तिथे श्रोता जातो, हे तेव्हापासून माहीत असलेलं सत्य आहे. आज विविध भारतीचं बळ कशात आहे? गाण्याआधी निवेदक चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार सांगतो. गाणं सहसा पूर्ण वाजतं. 'भूले बिसरे गीत', 'छायागीत', 'जयमाला', 'हवामहल' यांची नावं आणि स्वभाव ठरलेले आहेत, त्यामुळे काय ऐकायला मिळेल हे माहीत असतं. ॲपवर गाण्याचं नाव दिसतं, पण ते कुणी, कधी, कोणत्या प्रसंगासाठी केलं हे प्रेमाने सांगणारा माणूस तिथे नसतो. खासगी स्टेशनांनी ही नावं सांगणं सोडलं ते सात-आठ सेकंद वाचवायला. ती परत आणायला एक रुपयाही लागत नाही.

विविध भारतीच्या अडचणी वेगळ्या आहेत. बोलण्याची लय संथ, नवी गाणी उशिरा, आणि स्थानिक केंद्राचा कार्यक्रम किंवा जाहिरात जोडताना मधेच तुटणं. तरी गाण्यासाठी रेडिओ ऐकायचा असेल, तर पहिली शिफारस तिचीच.

बोलणारा माणूस कुठे बसलाय

खासगी स्टेशनची खरी किंमत आरजेमध्ये आहे, आणि ती तपासायला कान लागतात. शहरात प्रत्यक्ष स्टुडिओत बसलेला आरजे वेळ सांगतो, 'आत्ता नऊ वाजून बारा मिनिटं' अशी. बाहेर पाऊस सुरू झाला की पाचव्या मिनिटाला तो बोलण्यात येतो. फोन करणाऱ्याला तो अडवतो, त्याच्याशी हसतो, विषय बदलतो. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमात यातलं काही नसतं. तिथे आरजे गाण्यांमधले बोलण्याचे तुकडे, म्हणजे 'लिंक', एकापाठोपाठ एक बोलून ठेवतो. चार तासांचा कार्यक्रम तासाभरात हातावेगळा होतो आणि सॉफ्टवेअर ते तुकडे गाण्यांमध्ये बसवतं. एकच कार्यक्रम अनेक शहरांत चालवायचा असेल तर शहराचं नाव, रस्ता, हवामान हे सगळं गाळावं लागतं. उरतं ते प्रेमाबद्दलचं, सोमवारच्या कंटाळ्याबद्दलचं, सिनेतारकांबद्दलचं बोलणं. ते वाईट असेलच असं नाही, पण ते कुठेही मिळतं.

ओळखायची खूण: दोन तासांत शहरातल्या एकाही चौकाचं, रस्त्याचं, बाजाराचं नाव जाहिरातीबाहेर आलं नाही, तर तो कार्यक्रम तुमच्या शहरासाठी बनलेला नाही.

स्थानिक बोलण्याची ताकद किती असते ते मुंबईने 2017 मध्ये पाहिलं. खड्ड्यांवर एका आरजेने केलेलं विडंबनगीत शहरभर पसरलं, महापालिकेत त्यावरून वाद झाला. कुठल्याही ॲपला असं काही जमत नाही, कारण ॲप शहरात राहत नाही.

इथे सरकारी नियमाचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, काहीही न बदलता, वाजवता येतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2023 मध्ये तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. ती योग्यच होती. शहरात पाणी भरलंय, लोकल थांबल्या आहेत, आणि शहराचं सर्वांत ओळखीचं स्टेशन त्याबद्दल वार्ताहर पाठवून काही सांगू शकत नाही, ही ऐकणाऱ्याची हानी आहे.

पण नियमाच्या आड सगळंच लपवता येणार नाही. 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात बरंच काही 'बातमी नाही' म्हणून मोकळं केलेलं आहे: वाहतूक आणि हवामान, परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर आणि नोकरीच्या संधी, सांस्कृतिक कार्यक्रम आणि उत्सव, तसंच स्थानिक प्रशासनाने दिलेली वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांबद्दलची माहिती. उद्या कोणत्या पेठेत पाणी येणार नाही, अकरावी प्रवेशाची पुढची फेरी कधी, घाटात दरड कोसळली का, हे सगळं सांगायला आजही मनाई नाही. वहीतल्या 'बोलणं' या रकान्यात यातलं किती सापडतं ते पाहा. सकाळच्या तासात किमान तीन उपयोगी गोष्टी सापडल्या तर स्टेशन चांगलं. दुपारी एकही नसेल, आणि बहुधा नसतेच, तर ती जबाबदारी स्टेशनचीच आहे.

आवाज पोचतो का

एफएमचा आवाज साधारण नजरेच्या रेषेत जातो. मधे डोंगर किंवा मोठ्या इमारतींची रांग आली की खरखर सुरू होते. परवान्यात शहराच्या वर्गाप्रमाणे शक्ती ठरलेली असते. मुंबईसारख्या अ-प्लस शहरांत 25 ते 50 किलोवॅट, पुणे-नागपूरसारख्या अ वर्गात 10 ते 30, आणि एक ते तीन लाख वस्तीच्या ड वर्गात फक्त 1 ते 3. लहान शहरातलं स्टेशन तालुक्याच्या गावी पोचत नाही ते यामुळे. सिग्नल अशक्त असेल तर रिसीव्हरमध्ये स्टीरिओऐवजी मोनो निवडा, खरखर लगेच कमी होते. फोनवर ऐकताना इअरफोनची वायरच अँटेना असते, ती गुंडाळून खिशात ठेवली तर सिग्नल पडणारच.

मुंबई-पुणे प्रवासात होणारा घोटाळा अनेकांना कळत नाही. मोठ्या ब्रँडची दोन्ही शहरांत बहुधा तीच फ्रिक्वेन्सी असते, पण परवाने आणि कार्यक्रम वेगळे. खंडाळ्याच्या घाटात दोन्हीकडचे सिग्नल पोचतात आणि एफएम रिसीव्हर त्या क्षणी जो जोरकस असेल त्यालाच पकडतो. एका वळणावर मुंबईची जाहिरात, पुढच्या वळणावर पुण्याचं गाणं. यात रेडिओ बिघडलेला नसतो.

मोठी अडचण पुढे आहे. बऱ्याच नव्या फोनमध्ये इअरफोनचं भोकच नाही, आणि एफएमची सोय असली तरी ती बंद करून ठेवलेली असते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल 2023 मध्ये ती चालू ठेवा असं फोन उत्पादकांना कळवलं, पण ती सूचना होती, सक्ती नव्हे. नव्या गाड्यांत फोन जोडला की पडद्यावर फोनचीच ॲपं पुढे येतात आणि रेडिओ एका कोपऱ्यातल्या चिन्हात जातो. पूर्वी किल्ली फिरवली की रेडिओ लागायचा. त्या एका सवयीवर या धंद्याचा मोठा भाग उभा होता.

मग इंटरनेटवर का जात नाहीत? इथे कायद्याची गाठ आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेल्या कलम 31-ड मुळे रेडिओला ठरावीक दराने गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना मिळतो. हा परवाना इंटरनेटवरच्या सेवेला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एका संगीत ॲपच्या प्रकरणात 2019 मध्ये म्हटलं आणि 2022 मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे टॉवरवरून वाजणारं गाणं ॲपवरून वाजवायचं तर प्रत्येक संगीत कंपनीशी वेगळा सौदा करावा लागतो. म्हणून बऱ्याच स्टेशनांच्या ॲपवर गप्पा, गोष्टी, मुलाखती असतात, पण चालू प्रसारण नसतं. विविध भारती मात्र प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर, नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या वेव्हजवर आणि डीडी फ्री डिशवर मिळते. ॲपवरचा आवाज प्रत्यक्षापेक्षा मागे असतो, त्यामुळे त्यावरून घड्याळ लावू नका.

पैसे कुठे अडतात

मुख्य मुद्दा हा, की स्टेशनचा खर्च ऐकणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. दहा लाखांनी ऐकलं काय आणि एक लाखाने, ट्रान्समीटरचं वीजबिल तेच, प्रसार भारतीच्या सामाईक टॉवरचं भाडं तेच. परवाना शुल्कही पूर्ण सैल नाही. तिसऱ्या टप्प्यात ते एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के किंवा लिलावातून ठरलेल्या प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. उत्पन्न घसरलं की चार टक्क्यांचा आकडा खाली येतो, पण अडीच टक्क्यांचा तळ तिथेच राहतो. हा तळ काढा असं नियामकाने 2023 मध्ये सुचवलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांतल्या 730 वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता देताना शुल्क जीएसटी वगळून एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के ठेवलं. लातूर, चंद्रपूर, यवतमाळ अशा ठिकाणी त्यामुळे सोपं होईल.

परवाने 15 वर्षांचे असतात. 2015 च्या सुमारास तिसऱ्या टप्प्यात गेलेल्या जुन्या स्टेशनांची मुदत 2030 च्या आसपास संपते. ज्या धंद्याला पुढच्या परवान्याचा भाव माहीत नाही, तो नव्या आरजेला घडवण्यावर खर्च करायला कचरतो. गाण्यांच्या स्वामित्वधनाचा दरही वारंवार हलला. 2010 मध्ये कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवला, तर डिसेंबर 2020 च्या आदेशाने पुन्हा गाणी वाजलेल्या तासांवर, म्हणजे 'नीडल अवर'वर आणला.

दुसरीकडे उत्पन्न. सराफ, बिल्डर, क्लास, रुग्णालयं हे स्थानिक जाहिरातदार आता थोड्या पैशांत फोनवर जाहिरात करतात आणि किती जणांनी पाहिली तो आकडा लगेच मिळवतात. रेडिओकडे असा आकडा नाही. श्रोत्यांची मोजणी चार महानगरांपुरती राहिली, तीही लोकांनी डायरीत लिहिलेल्या नोंदींवर. पुणे, नागपूर, नाशिकच्या जाहिरातदाराला स्टेशन जे सांगेल तेच मानावं लागतं. सरकारी जाहिरातीचा मूळ दर 2023 मध्ये एक लाख वस्तीच्या शहरासाठी दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला, पण तोवर अनेक वर्षं गेली होती. बिग एफएम चालवणारी कंपनी 2023 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नव्या मालकाकडे आली, यावरून ताण किती आहे ते कळतं.

दर पडले की तेवढेच पैसे मिळवायला जास्त सेकंद विकावे लागतात. ब्रेक लांबतो, श्रोता जातो, दर आणखी पडतो.

दुकानदाराने रेडिओवर पैसे घालावेत का

घालावेत, पण पॅकेज स्टेशनच्या सोयीने घेऊ नये. जाहिरात दहा सेकंदांच्या पटीत विकली जाते, वर 18 टक्के जीएसटी. विक्री प्रतिनिधी बहुधा 'आरओडीपी' सुचवतो: दिवसभरात कधीही आठ स्पॉट, म्हणजे आठ वेळा जाहिरात, दर कमी. हिशेब करा. तुमचं गिऱ्हाईक रोज सकाळी 8 ते 11 च्या दरम्यान 25 मिनिटं ऐकतं असं धरू. आठ स्पॉट सकाळी 6 ते रात्री 12 या 1080 मिनिटांत विखुरले, तर त्याच्या कानावर दिवसाला सरासरी 0.19 वेळा पडतात, म्हणजे पंधरा दिवसांत जेमतेम तीनदा. तेच आठ स्पॉट सकाळच्या 180 मिनिटांत घेतले, तर दिवसाला 1.1 वेळा, पंधरा दिवसांत सोळा-सतरा वेळा. सकाळचा दर दुप्पट असला तरी हा सौदा स्वस्त पडतो. बजेट कमी असेल तर दिवस कमी करा, वेळ विखरू नका.

वीस सेकंदांत मराठीत साधारण 45 शब्द नीट बोलता येतात. त्यात दुकानाचं नाव दोनदा, एक ओळखीची खूण आणि एकच कारण सांगा. मोबाइल नंबर घालू नका, गाडी चालवणारा तो लिहून घेत नाही. स्पॉटपेक्षा सकाळच्या आरजेचं मेंशन बहुधा जास्त काम करतं, कारण ब्रेक लागला की बोट बटणाकडे जातं, आरजे बोलत असताना जात नाही. करारात लिहून घ्या: वेळेचा पट्टा, ब्रेकमधली जागा पहिली की शेवटची, त्याच ब्रेकमध्ये तुमच्याच धंद्यातली दुसरी जाहिरात नको, आणि चुकलेल्या स्पॉटची भरपाई त्याच पट्ट्यात. बिलासोबत प्रसारण प्रमाणपत्र आणि मिनिटावारी लॉग मागा. त्यातल्या दोन दिवसांच्या वेळा स्वतः रेडिओ लावून ताडून पाहा.

ऐकणाऱ्यासाठी आमची मांडणी अशी. गाडीतलं पहिलं बटण शहरात बसून बोलणाऱ्या सकाळच्या आरजेचं, दुसरं विविध भारतीचं, अकरानंतर फोन. आणि त्या सकाळच्या स्टेशनचा व्हॉट्सॲप नंबर फोनमध्ये ठेवा. वाहतुकीची खबर त्यांना बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांकडूनच मिळते. सिग्नलला थांबल्यावर किंवा शेजारी बसलेल्याकडून पाठवा, आणि ठिकाण, दिशा, वेळ एवढंच लिहा: 'सिंहगड रस्ता, राजाराम पुलाकडून शहराकडे, 9.10, एक लेन बंद.'